सब्ज्याचा ठेचा

परवा दुपारी फ्रीज पुसायला काढला, तर दाराच्या कप्प्यात मागे दडलेली एक बाटली सापडली. लेकीने महिन्यापूर्वी हौसेने आणलेला पेस्टो, म्हणजे बेसिलच्या पानांची इटालियन चटणी. तळाशी चमचाभर उरलेला, कडेला काळपट झालेला. मला असं काही टाकवत नाही. मिक्सरच्या भांड्याला चटणी चिकटून राहिली की मी त्यात पाणी घालते, झाकण लावून खळाखळा हलवते आणि ते पाणी आमटीत ओतते. केचपच्या बाटलीचंही तेच. घरातले सगळे हसतात आणि आमटी मागून घेतात.

त्याच सवयीने बाटली नळाखाली धरणार, तेवढ्यात किमतीच्या चिठ्ठीकडे लक्ष गेलं. १९० ग्रॅम, ४२५ रुपये. नळ बंद केला, चष्मा आणला आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसले. बेसिल होतं. ऑलिव्हचं तेलही होतं, पण नावाला. खरा भरणा सूर्यफुलाच्या तेलाचा. आणि काजू! इटलीहून समुद्र ओलांडून आलेल्या बाटलीत काजू आणि सूर्यफुलाचं तेल. हे दोन्ही तर माझ्या ओट्याखाली आहे.

मूळ पेस्टोत पाइन नट लागतात, एवढं मला लेकीच्या व्याख्यानांतून कळलं होतं. म्हणजे आपल्या चिलगोज्यांचे भाऊबंद. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर सुकामेव्याच्या दुकानात चिलगोजे आहेत का विचारलं, तर दुकानदाराने आधी माझ्याकडे आणि मग पिशवीतून डोकावणाऱ्या दुधीकडे पाहिलं. भाव सांगताना त्याने आवाज उतरवला, रिपोर्ट हातात घेतलेले डॉक्टर उतरवतात तसा. किन्नौरकडची झाडं, उंच चढून शंकूसारखी बोंडं पाडायची, मग त्यातून एकेक दाणा सोडवायचा, हेही सांगितलं. मी सहानुभूतीने मान डोलावली आणि पाव किलो काजू तुकडा घेतला. (अख्खा काजू फक्त पाहुण्यांच्या शिऱ्यावर लावायला असतो. वाटणात तुकडाच.)

बेसिलचा प्रश्न मात्र आधीच सुटलेला होता, तोही माझ्या आळसामुळे. मे महिन्यात सरबतात घालायला भिजवलेला सब्जा वाटीत तसाच राहिला, दुसऱ्या दिवशी त्याला वास यायला लागला, म्हणून मी तो खिडकीतल्या रिकाम्या कुंडीत उपडा केला. आठवड्याभरात हिरवे ठिपके. पावसाळा लागला तशी हातभर झुडपं झाली. एकदा पिवळी पानं काढताना बोटांना वास लागला आणि मी लेकीला हाक मारली, "हे तुझं ते इटालियन नाही ना गं?" तिने पान चुरगळलं, हुंगलं, फोनवर काहीतरी पाहिलं आणि माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागली. सब्जा म्हणजे बेसिलच. शास्त्रातलं नावही एकच, ऑसिमम बॅसिलिकम. तिकडची पानं मोठी, फुगीर आणि स्वभावाने मवाळ. आपली बारकी आणि जराशी लवंगेकडे झुकणारी, एवढाच फरक. दहा रुपयांच्या सब्ज्याच्या पुडीत बेसिलचं अख्खं शेत असतं, आणि आपण ते फालुद्यातून गिळत आलो!

सासूबाई खिडकीशी आल्या. मी पानं खुडत होते.

"आज द्वादशी नाही ना?"

"ही तुळस नाही हो, आई. सब्जा आहे."

"तुळशीचीच बहीण ती." मग जरा थांबून, "पण हिचं लग्न नाही लावत आपण. खूड."

पानं ताटात पसरली, लसूण सोलला आणि मिक्सरचं भांडं फ्रीझरमध्ये टाकलं, कारण पातं तापलं की पानं काळी पडतात असं लेकीचं म्हणणं. तिने पाठवलेल्या कृतीची पहिलीच ओळ होती, आधी लसूण आणि खडेमीठ. तिथे मी थांबले.

आमच्या आजीचंही आधी खडेमीठच असायचं. नौपाड्यातल्या बैठ्या घराच्या मागे मोरी, मोरीच्या पायरीला लागून पाटा. आजी एक पाय दुमडून, एक पसरून बसायची. पाट्यावर चिमूटभर खडेमीठ, त्यावर लसूण, आणि वरवंट्याचा पहिला फेरा करकरत जायचा. "मिठाचे दात असतात," असं म्हणायची. मग मिरची, मग शेंगदाणे, कोथिंबीर सगळ्यात शेवटी. कोथिंबिरीला जास्त मारायचं नाही, तोंड वळवते. वाटणाचा आवाज बदलला की आम्ही स्वयंपाकघरातून वाट्यांत भात घेऊन धावायचो. चटणी काढून घेतल्यावर आजी पाट्यावर गरम भात टाकायची आणि त्या भातानेच पाटा पुसून काढायची. तो हिरवट, खरबरीत घास कुणाला मिळणार यावरून मी आणि माझा भाऊ रक्तबंबाळ झालेलो आहोत. माझ्या हनुवटीवर अजून खूण आहे. त्या घासाची चव चटणीला कधीच नव्हती.

वर्षातून एकदोनदा गल्लीत आरोळी यायची, "पाट्याला टाकीऽऽ". छिन्नी-हातोडी घेतलेला माणूस गुळगुळीत झालेल्या पाट्यावर ठिपक्यांच्या ओळी पाडत जायचा. आम्ही उकिडवे बसून बघायचो. ठिणगी उडाली की डोळे मिटायचे. त्यानंतरचे चार दिवस चटणीत कचकच लागायची आणि आजी म्हणायची, पोटात गेलं तर काही होत नाही, आपल्या घरचाच दगड आहे.

त्या वरवंट्याला आणखी एक काम होतं. बारशाला त्याला टोपडं घालून, बाळाच्या आधी, पाळण्याच्या वरून-खालून फिरवायचे. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या. माझ्या बारशाला तोच होता, भावाच्याही. म्हणजे चटणी वाटणारा तो आमचा सगळ्यात थोरला भाऊ.

असो. पेस्टो राहिला.

पेस्टो हे नावच मुळी 'कुटणे, ठेचणे' या अर्थाच्या तिकडच्या क्रियापदावरून आलंय. जेनोवाचे लोक तो संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने ठेचतात. म्हणजे सरळ सरळ ठेचा. लसूण, मीठ, दाणे, तेल, आणि मिरचीच्या जागी पानं. आता हा ठेचा ४२५ रुपयांचा कसा झाला ते मला कळत नाही. ठेचा हे काही नसलेल्या घरातलं खाणं आहे. तिकडेही सुरुवातीला असा ताठा नसावा. १८६३ सालच्या जेनोवाच्या पाककृतीत म्हणे चक्क हॉलंडचं चीज घालायला सांगितलंय, सोबत थोडं लोणी, आणि बेसिल नसेल तर पार्सली आणि मरवा. हो, मरवाच, आपल्या गजऱ्यातला! हे वाचल्यावर माझी भीड चेपली. कोपिनेश्वराच्या देवळाबाहेर गजरे मिळतात त्या टोपल्यांकडे मी आता वेगळ्याच नजरेने पाहते. एकदा मरव्याच्या दोन काड्या नुसत्याच मागितल्या, तर फुलवाली म्हणाली, "देवाला?" मी हो म्हटलं.

तर हॉलंडचं चीज चालतं म्हटल्यावर आपला चीज क्यूब का नको? माझा हिशेब असा: दोन मुठी पानं, फुकट. मूठभर दाणे, त्यातले निम्मे काजू तुकडा आणि निम्मे साल काढलेले शेंगदाणे. शेंगदाणे अगदी हलके भाजायचे, डाग पडले की थेट कुटाचा वास येतो. दोन चीज क्यूब किसून. लसणाच्या दोन पाकळ्या. पाच घातल्या तर खायला मजा येते, पण मग तो आपलाच ठेचा होतो. तेल निम्मं ऑलिव्हचं, निम्मं सूर्यफुलाचं, बाटलीवाल्यांना चालतं तर मला का नको. मीठ जपून, चीजमध्ये असतंच. मिक्सर सलग चालवायचा नाही, टिचकी मारल्यासारखा चालू-बंद. आणि पाणी? माझा हात सवयीने तांब्याकडे गेला होता, लेक ओरडली. पाणी नाहीच घालायचं. लागलंच तर शेवटी पास्ता उकडलेलं, डावभर. ते ऐकून बरं वाटलं. म्हणजे तेही पाणी ओतून देत नाहीत.

सगळं मिळून ९० रुपयांच्या आत बसलं. वहीत लिहून ठेवलंय.

रात्री लेकीने पास्ता खाल्ला आणि बराच वेळ विचार करून म्हणाली, "मस्त झालंय. पण कुठेतरी शेंगदाण्याची चटणी लागते." सासूबाईंनी पास्ता बाजूला सारला आणि तीच चटणी ज्वारीच्या भाकरीवर घेतली, वर थोडं दही. "बरी आहे. मिरची विसरलीस." मी शेवटी मिक्सरचं भांडं घेतलं, त्यात गरम भात टाकला आणि चमच्याने कडा खरवडून काढल्या. पात्याखालचं काही निघालं नाही. वास सब्ज्याचा होता. खरबरीत काही लागलं नाही.

वरवंटा माझ्याकडे आहे. पनीर दाबायला वापरते. इमारतीत कुणाकडे बारसं असलं की न्यायला येतात, आणि परत येतो तेव्हा त्याला हळदकुंकू लागलेलं असतं. पाटा नाही. नौपाड्यातलं घर पुनर्विकासाला गेलं तेव्हा भावाला तो एकट्याला उचलेना, टेम्पोवाला घाई करत होता, आणि नव्या फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे, असं मीच फोनवर म्हणाले.

मागच्या आठवड्यात त्या बाजूने गेले होते. चौदा मजले झालेत. मोरी होती तिथे स्कूटरी लावतात. खाली कोबा घातलाय, चांगला जाड. वॉचमनने विचारलं, कोणाकडे जायचंय. मी म्हटलं, कोणाकडे नाही.