बेंचवर बसलेला फ्रेशर धरायचा का?

१४ एप्रिल २०१८, जयंतीची सुट्टी, आणि आम्ही तिघं सकाळी हिंजवडीत डिप्लॉयमेंटला. क्लायंटकडे शुक्रवारची रात्र. त्यांचा मॅनेजर फिलाडेल्फियाचा, डेटाबेसवाला सॉल्ट लेक सिटीचा. बॅकअप ४७ टक्क्यांवर जो अडकला तो हलेचना, कॉलवर सगळे गप्प, आणि मॅनेजरने टाइमपास म्हणून विचारलं की यंदा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू) कोण? झालं, पेटलं!

डेटाबेसवाला एरवी "ओके", "डन" यापलीकडे बोलत नाही. पण त्याच्या शहराच्या टीमचा, युटा जॅझचा डोनोवन मिचेल म्हटल्यावर असा सुटला की बास. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) १३व्या नंबरवर निवडलेला पोरगा, पहिल्याच सीझनला सरासरी २०.५ पॉइंट, १८७ थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे बास्केट) मारून डेमियन लिलार्डचा रुकी रेकॉर्ड मोडला. मॅनेजरचा बेन सिमन्स: १५.८ पॉइंट, पण सोबत ८.१ रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), ८.२ असिस्ट (बास्केट करून देणारा पास), १२ ट्रिपल-डबल (एकाच मॅचमध्ये तीन गोष्टींत दोन आकडी), आणि त्याच्या टीमने, फिलाडेल्फियाच्या सिक्सर्सनी, शेवटच्या १६ मॅच लागोपाठ जिंकलेल्या. "अख्ख्या सीझनमध्ये एक थ्री तरी गेला का त्याचा?" नव्हताच गेला.

खरं भांडण पुढेच होतं. सिमन्सला २०१६ ला पहिल्या नंबरवर घेतलेलं, पाय मोडला, वर्षभर बाहेर, म्हणून खेळला २०१७-१८ ला. मग तो रुकी कसा? मिचेल त्याच आठवड्यात रुकीची डिक्शनरीतली व्याख्या छापलेली हुडी घालून आला होता. (नीट वाचली तर त्यात "पहिला सीझन खेळणारा" असंच आहे, म्हणजे हुडी सिमन्सच्याच कामाची, पण हे बोलायची सोय नव्हती.) नियमाने सिमन्स रुकीच, ब्लेक ग्रिफिनचंही सेम, २००९ ला निवड, गुडघा गेला, २०११ ला अवॉर्ड.

मग मला विचारलं, तू न्यूट्रल, तू सांग. मला बास्केटबॉल जेमतेम कळतं, पण बेंच कळतो ना! जॉइन झाल्यावर मी आठ महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, होतो, रोज कार्ड स्वाइप करायचं आणि टेबल टेनिस खेळायचं, आणि पहिला प्रोजेक्ट मिळाल्यावर अप्रेझलला लीड म्हणतो तू आता फ्रेशर नाहीस. ते अजून डोक्यात आहे. म्हटलं, जो मॅच खेळला नाही तो नवाच, सिमन्सला द्या.

शेजारचा सहकारी म्यूट करून म्हणाला, अरे पण त्याला वर्षभर एनबीएचे कोच होते, तुला काय होतं? टेबल टेनिस. मुद्दा बरोबर होता, मी अनम्यूट काही केलं नाही.

या सगळ्यात बॅकअप कधीच पूर्ण झालेला, वीस मिनिटं कुणी बघितलंच नाही.

जूनमध्ये निकाल लागला, १०१ पैकी ९० पहिल्या पसंतीची मतं सिमन्सला, ११ मिचेलला. मॅनेजरची मेल आली, अख्खी टीम सीसीमध्ये, सब्जेक्ट "९०-११", आत काहीच नाही. डेटाबेसवाल्याने रिप्लाय-ऑल करून डिक्शनरीची लिंक पाठवली.