रात्री दोनचं धैर्य

दाढेचं दुखणं आणि दवाखान्याच्या वेळा यांचा छत्तीसचा आकडा आहे. दिवसभर दाढ नुसती कुरकुरते. जेवणं आटोपली, दिवे मालवले, पाठ टेकली की ठणका सुरू! दाताच्या आतला जिवंत भाग टणक भिंतींच्या इवल्याशा खोलीत कोंडलेला असतो. तिथे सूज आली तर फुगायला जागा नाही. त्यात आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा ओघ वाढतो, आतला दाब वाढतो, आणि प्रत्येक ठोक्याला दाढ आपली हजेरी लावते. दोन उशा घेऊन अर्धवट बसतं राहिलं तर जरा बरं वाटतं, ते याचमुळे.

अशा वेळी, म्हणजे रात्री दोनच्या सुमारास, माझ्याइतका शूर माणूस अख्ख्या इंदुरात सापडायचा नाही. उद्या दवाखान्याचं शटर वर होण्याआधीच पायरीवर जाऊन बसायचं, काढा म्हणायचं, कोरा म्हणायचं, काय वाटेल ते करा म्हणायचं. सकाळी उठून बसलो की ठणका ओसरलेला असतो आणि कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून वाफेवरच्या पोह्यांचा वास येत असतो. मग वाटतं, बघू की संध्याकाळी.

दाढदुखीवाल्याने राहावं असं हे गाव नव्हेच. पोह्यांवर मूठभर शेव, वर जीरावन मसाला, सोबत जिलबी. थंडीत गराडू नावाचा कंद, तोही तळून कडक केलेला. शेवेचा एक बारीक तुकडा किडक्या दाढेच्या खळग्यात शिरतो आणि थेट कानापर्यंत कळ जाते. डोळ्यांत पाणी, पण हातातली प्लेट काही सुटत नाही. आणि आम्ही राहायला रामबागेत, सराफा बाजार तिथून काही फार लांब नाही. दिवसा जिथे सोन्याचांदीचे व्यवहार चालतात, तिथेच रात्री भुट्ट्याचा कीस आणि मावाबाटी. तुम्ही गालावर हात दाबून घरात येरझाऱ्या घालत असता, तेव्हा निम्मं गाव जागं असतं आणि चावत असतं.

उपाय सांगायला मात्र कुणी मागे राहत नाही. लोकमान्य नगरातली आत्या फोनवर पेरूच्या पानांचा काढा सांगते, शेजारच्या काकू हिंगाची गोळी दाढेत भरायला सांगतात, पोहेवाला "भिया, लौंग दबा लो" म्हणून मोकळा होतो. मिठाच्या कोमट पाण्याची चूळ निरुपद्रवी, आणि यातली लवंग खरोखर कामाची. तिच्यातलं युजेनॉल तेवढ्यापुरती नस बधिर करतं. तेल असेल तर कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब, तोही दाढेपुरताच. नुसतं तेल हिरडीला लागलं तर हिरडी भाजते. काहीजण तिथे वेदनाशामक गोळीच दाबून ठेवतात. त्यात गालाची आतली कातडी जाते आणि दाढ दुखायची ती दुखतेच.

दवाखान्यात पाऊल टाकताच जो वास येऊन पोटात गोळा येतो, तोही मुख्यतः लवंगेचाच. तात्पुरत्या भरणासाठी झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचा लगदा वापरतात. म्हणजे ज्या वासाला घाबरून मी दारातून परत फिरतो, तोच वास घरी डबीतून काढून जिभेने दाढेखाली ढकलत असतो.

ही भीती माझी स्वतःची नाहीच मुळी, घरातून वारशाने आलेली आहे. आमचे आजोबा दाढ उपटण्याचं वर्णन असं करायचे, की ऐकणाऱ्यांची दातखीळ बसावी. पण त्यांच्या तरुणपणी आजच्यासारखी भूल होती कुठे? आज सर्रास वापरतात ते भुलीचं औषध, लिग्नोकेन, स्वीडनमध्ये 1943 साली तयार झालं आणि 1948 साली बाजारात आलं. दात कोरायच्या, पायाने चालवायच्या यंत्राची जागा आधी विजेने घेतली, मग 1957 च्या सुमारास मिनिटाला लाखो फेरे घेणारी, हवेवर फिरणारी टर्बाइन आली. कोरणं झटपट झालं, पण तो किंचाळता आवाज तिच्यासोबतच आला. आवाजाला घाबरणाऱ्याचं हसं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कानात गाणी घालून बसलेला पेशंट डॉक्टरांना चालतो, विचारून बघा.

भित्र्या माणसाला कुणीतरी आधीच सांगायला हवी अशी एक गोष्ट आहे. पू होऊन सूज आली की तिथली आम्लता वाढते आणि भुलीचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही. म्हणजे दुखेल म्हणून जितकं टाळावं, तितकं खरंच दुखण्याची सोय होते. आणि ठणका एकाएकी थांबला तर पेढे वाटू नयेत, आतली नस मेलेली असू शकते. संसर्ग खाली निवांत पसरत राहतो. गाल सुजला, ताप आला, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर मग संध्याकाळची वाट बघायची नाही. श्वासाला अडलं तर थेट मोठं रुग्णालय.

शेवटी माझा प्रश्न बायकोने सोडवला. रात्री दोनला मी शौर्याच्या गप्पा मारत असतानाच तिने माझ्या फोनवरून दवाखान्याला मेसेज टाकला, "सकाळची पहिली वेळ द्या, पेशंट फार घाबरट आहे." हे दुसरं वाक्य मला लागलं, पण खुर्चीत त्याचाच उपयोग झाला. डॉक्टरीणबाईंनी आधी हिरडीवर बधिर करणारी जेल लावली, मग सुई. म्हणाल्या, "डावा हात वर केलात की मी थांबणार." मी पहिल्या पाच मिनिटांत तो इतक्यांदा वर केला, की मदतनीस मुलगी तोंड फिरवून हसली. पण बाई दरवेळी थांबल्या. तेवढं कळल्यावर हात आपोआप खालीच राहिला.

रूट कॅनाल एका बैठकीत आटोपलं नाही. आत औषध, वर तात्पुरतं भरण, पुढची तारीख गुरुवारची. आता ठणका नाही, रात्री झोप लागते, आणि दोनला जागच येत नसल्यामुळे शौर्यही येत नाही. बायकोने गुरुवारचा गजर लावलाय, तिच्या फोनमध्ये.