सुईचं नेढं दिसेना तेव्हा : माझी अर्धशिशी

सुईत दोरा ओवायला घेतला आणि नेढंच दिसेना. सुई दिसायची, बोटं दिसायची, मधलं नेढं तेवढं गायब. मग डोळ्याच्या कडेला एक नागमोडी चकाकती रेघ थरथरू लागली. वीसेक मिनिटांत ती विरली आणि डाव्या कानशिलावर ठोके सुरू झाले. संध्याकाळपर्यंत तीन उलट्या. मधल्या खोलीच्या खिडकीला पोतं लावून मी ओला पंचा कपाळावर टाकून पडले होते. स्वयंपाकघरात फोडणी पडली तरी पोटात ढवळायचं.

मी सेलूला राहते, घरीच ब्लाउज शिवते. हे दुखणं मी बारा वर्षं 'पित्त' म्हणून काढलं. आमच्याकडे डोकं दुखून उलटी झाली की ते पित्तच. त्यात उलटीनंतर थोडा उतार पडायचा, म्हणून खात्रीच पटायची. पित्ताच्या गोळ्या किती खाल्ल्या त्याचा हिशेब नाही. त्यांनी काही झालं नाही, तेव्हा मेडिकलवरून डोकेदुखीची गोळी आणायला लागले. आधी महिन्यातून दोनदा, मग आठवड्यातून चार-चार दिवस.

घरचे उपाय सगळे झाले. सासूबाई सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायच्या. चटका बसायचा आणि तेवढ्यापुरता ठणका मागे पडायचा. रात्री नाकात साजूक तुपाचे दोन थेंब सोडायच्या. माझ्या आईचा उपाय वेगळा होता, सूर्य उगवायच्या आत गरम दूध-जिलेबी. त्याने मला खरंच बरं वाटायचं. का, ते पुष्कळ उशिरा कळलं. एरवी सकाळी अकरापर्यंत माझ्या पोटात चहाशिवाय काही नसायचं. जिलेबी खायची म्हणून का होईना, त्या दिवशी पहाटे पोटात अन्न जायचं.

शेवटी एका लग्नसराईत रोज रात्री एक-एक वाजेपर्यंत मशीनवर बसले आणि सलग तीन दिवस उठता आलं नाही. तेव्हा मालकांनी रेल्वेने परभणीला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी बाकीचं विचारलं. डोकं एकदम, क्षणात फुटल्यासारखं दुखलं का? ताप येऊन मान ताठ झाली का? हात-पाय लुळा पडला, बोलताना जीभ अडखळली का? यातलं काही झालं तर घरचे उपाय करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, हे त्यांनी मालकांना दोनदा बजावलं. मग गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का ते विचारलं. अशी चकाकती रेघ दिसणाऱ्या बायकांना त्यातल्या काही गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, हे मला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

ते म्हणाले, ही अर्धशिशी आहे, पित्त नाही. उलटी या दुखण्याचाच भाग. दुखणं सुरू झालं की पोटाचं काम मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी लागूच पडत नाही. आणि वेदनाशामक गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवस खाल्ल्या तर त्या गोळ्याच डोकं दुखवतात. मला तिथेच रडू आलं. इतकी वर्षं मी माझ्याच हाताने दुखणं वाढवत होते.

रोज घ्यायची एक गोळी त्यांनी सहा महिन्यांसाठी दिली, आणि नोंद ठेवायला सांगितली. वही कुठे सापडणार, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लाल टिंब द्यायला लागले. तीन महिन्यांनी पानं उलटून पाहिली तर संकष्टीच्या चौकोनात, नाहीतर दुसऱ्या दिवशी, टिंब होतंच. चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला. तोपर्यंत पोटात नुसता चहा, तोही पाच-सहा कप.

मला देव सोडायचा नव्हता. ते पान मी सासूबाईंपुढे धरलं. चष्मा लावून त्यांनी एकेका टिंबावर बोट ठेवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गणपती काय तुला उपाशी मार म्हणायलाय का गं?" तेव्हापासून संकष्टीला सकाळी नऊला भगर-दही, दुपारी राजगिऱ्याची भाकरी, चारला मूठभर शेंगदाणे. उपवास मोडला नाही, उपाशी राहणं थांबलं.

चहाचं मात्र चुकलं. एकदम बंद केला आणि तीन दिवस डोकं धरून बसले. मग दर आठवड्याला अर्धा-अर्धा कप कमी करत दोनवर आणला. रोजचं जेवण आपलंच, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, तिळाची नाहीतर कारळाची चटणी. फक्त वेळ ठरली. सकाळी आठच्या आत अर्धी का होईना भाकरी. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा मशीनशेजारी पाण्याचा तांब्या आणि दुपारी मीठ-जिऱ्याचं ताक. उन्हात निघताना डोक्याला ओढणी आणि डोळ्याला गॉगल. रात्री दहानंतर मशीनवर झाकण. यामुळे दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली, त्याचं वाईट वाटलं, पण वेळ बदलली नाही.

दुखणं पूर्ण गेलं नाही. रेघ दिसली की आता मी सुई खाली ठेवते, काहीतरी खाते, पाणी पिते, डोकं धरायच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी दिलेली गोळी घेते आणि अंधारात आडवी होते. सुंठीचा लेप अजून लावते. तो औषध आहे म्हणून नाही, सासूबाईंचा हात कपाळावर असतो तोवर बरं वाटतं म्हणून.

महिन्याला आठ-दहा टिंबं असायची. मागच्या महिन्यात दोन होती, आणि संकष्टीचा चौकोन कोरा.