प्रतापगडला जाताय? मग पारचा शिवकालीन पूल बघूनच या

प्रतापगडावर सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, पण खाली पार गावाजवळ कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल उभा आहे आणि तो आजही वापरात आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं, म्हणून हे लिहितोय.

वरूनच फोटो काढून निघू नका, पुलाचं खरं काम खालून दिसतं. पाणी कमी असेल तर कडेने पात्रात उतरा आणि कमानी बघा, मग खांब बघा, ज्या बाजूने पाणी येतं तिकडे त्यांना टोक काढलंय म्हणजे पुराचा लोंढा थेट न आदळता फाटून दोन्हीकडून निघून जातो. ही कोयना महाबळेश्वरच्या पठारावरून येते, जिथे वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस पडतो, तिचे इतक्या वर्षांचे पूर या खांबांनी अंगावर घेतलेत!

इथे एवढा मजबूत पूल का, तर हा वाई आणि कोकण जोडणारा जुना पार घाटाचा रस्ता, म्हणजे व्यापाराची आणि फौजांची वाट. अफजलखान वाईहून रडतोंडीचा घाट उतरून इथेच आला, त्याची छावणी पारला होती आणि १० नोव्हेंबर १६५९ ला गडाखाली भेट झाली त्यानंतर जावळीच्या रानात दबा धरून बसलेले मावळे याच छावणीवर तुटून पडले. पुलावर उभं राहून चारी बाजूंचे डोंगर बघितले ना की खानाची फौज कशी कोंडली गेली ते पुस्तकापेक्षा लवकर कळतं. पुढे इंग्रजांनी आंबेनळी घाट काढला, मोठी वाहतूक तिकडे गेली, आणि मला वाटतं त्यामुळेच पूल अवजड गाड्यांपासून वाचला. खाली महाडला सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात एसटी गाड्यांसकट गेला, तेव्हा हा जपायलाच हवा.

जायचं कसं: महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने कुंभरोशी, तिथे पारचा रस्ता कुणालाही विचारा. स्वतःची गाडी असेल तर बरं, पेट्रोल महाबळेश्वरलाच भरा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट, पावसाळ्यात पात्रात अजिबात उतरू नका, दगड शेवाळलेले असतात आणि वर पाऊस झाला की पाणी बघता बघता चढतं. गावातलं रामवरदायिनीचं देऊळ चुकवू नका. गड सकाळी लवकर करून मग पारला उतरलात तर दोन्ही आरामात होतं.