चार तारखेचे फटाके, पाच तारखेचे फटाके

लिफ्टच्या आरशाशेजारी कागद चिकटवलेला होता. ४ नोव्हेंबरच्या रात्री काही रहिवाशांनी सामायिक बागेत फटाके उडवल्याची तक्रार आली आहे, लीजच्या अटींत हे बसत नाही, पुन्हा घडल्यास कारवाई होईल. सोमवारची सकाळ, शाळेची घाई. लेकीने कागद मोठ्याने वाचला आणि विचारलं, “आई, हे आपण ना?”

लिफ्टमध्ये आणखी दोघं होते. मी “हो” म्हटलं. मराठीत म्हटलं, एवढंच.

गोष्ट २०२१ची. आम्ही रेडिंगला राहतो, लंडनहून ट्रेनने अर्ध्या तासावर. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं, ४ तारखेला. आणि ५ तारखेला इथला बॉनफायर नाइट. १६०५ साली गाय फॉक्स आणि मंडळींनी पार्लमेंटखाली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं ठेवून राजाला उडवायचा बेत केला, तो फसला, आणि त्या आनंदात हे लोक चारशे वर्षं फटाके वाजवतायत. म्हणजे आमचे फटाके एक दिवस आधी वाजले, गुन्हा म्हणाल तर एवढाच. निदान मला तेव्हा तसं वाटलं होतं.

आदल्या वर्षीची दिवाळी लॉकडाऊनमध्ये गेली होती. सगळ्यांना उत्साह भरलेला. ब्लॉकमध्ये आम्ही दोन मराठी घरं, एक तेलुगू, एक गुजराती. दाराबाहेर पणत्या लावता येत नाहीत, कारण २०१७मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली, तेव्हापासून कॉरिडॉरमध्ये पायपुसणं ठेवलं तरी पत्र येतं. त्यामुळे रांगोळी ताटात, पणत्या ओट्यावर आणि आकाशकंदील बाल्कनीत अशी आमची दिवाळी. राहता राहिली मधली हिरवळ. साडेचारलाच सूर्य बुडतो. पूजा, फराळ उरकून सातच्या सुमारास मुलं फुलबाज्या घेऊन खाली उतरली.

वेळेचं म्हणाल तर कायदा आमच्या बाजूने होता. तिकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत रात्री ८ ते १० एवढीच मुभा दिली. इकडे एरवी रात्री अकरानंतर फटाके बंद, बॉनफायर नाइटला बारापर्यंत चालतात, आणि दिवाळीच्या रात्री चक्क एकपर्यंत. ही सवलत २००४च्या नियमांतच लिहिलेली आहे. मी हे व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना पाठवलं होतं, अगदी ऐटीत.

फुलबाज्या झाल्या, भुईनळे झाले. मग आमच्यातल्या एकाने सुपरमार्केटमधून आणलेला खोका काढला. याला इथे केक म्हणतात. एकच वात पेटवायची आणि पंचवीस बार एकामागून एक वर जातात. तिसऱ्या बारालाच कळलं की चूक झाली. चारी बाजूंनी भिंती, आवाज त्यांच्यावर आपटून पोटात शिरत होता. मुलं आधी किंचाळली आणि मग गप्प झाली. आणि पेटलेला केक विझवता येत नाही. पंचविसावा बार होईपर्यंत उभं राहायचं.

शेवटचा बार झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला. पुरुषाचा. “हे इंडिया नाही. जा आपल्या देशात.” आणि त्यामागे तो शब्द, पाकिस्तानी या शब्दाचा अर्धा तुकडा, जो इथे आमच्यासारख्या रंगाच्या कुणालाही फेकून मारतात. सत्तरच्या दशकात तो ऐकल्यानंतर पुढे मार खावा लागे, असं इथली जुनी माणसं सांगतात.

आता जे झालं ते लिहायला मला अजून जड जातं. आमच्यातला एक जण वर बघून ओरडला, “वुई आर नॉट पाकिस्तानी!” दुसरा हसला. माझ्या डाव्या हाताला लाहोरचे काका उभे होते, नातवाला घेऊन फटाके बघायला आलेले. थोड्या वेळापूर्वी त्यांनी माझ्याकडून चकली घेतली होती, ती अजून हातातच होती. ते काही बोलले नाहीत. नातवाच्या टोपीची नाडी बांधली, “अच्छा बेटा, गुड नाइट” म्हणाले आणि गेले. शिवी वरून आली होती, पण त्यांना लागली ती आमच्याकडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. तळमजल्यावरच्या बाई. त्यांच्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड कुत्री आहे, उंच, हाडकुळी. ती रात्रभर बाथटबमध्ये बसून थरथरत होती, पहाटेपर्यंत बाहेर यायला तयार नव्हती. बाई चिडलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. “आज काय होणार हे मला माहीत आहे, आज तिला बहिणीकडे नेते आहे. कालचं मला कुणी सांगितलंच नाही.” मी माफी मागितली. नंतर कचऱ्यातून तो खोका काढून वाचला: प्रेक्षकांनी २५ मीटर लांब उभं राहावं. आमची हिरवळ मी पावलं टाकून मोजली. भिंतीपासून भिंतीपर्यंत बावीस पावलं.

पाच तारखेच्या रात्री सगळं शहर धडाडत होतं. आमच्याच हिरवळीवर कुणीतरी रॉकेटं सोडली. बाटल्या सकाळी तिथेच पडलेल्या. आणि सोमवारी लिफ्टमध्ये कागद लागला तो फक्त चार तारखेचा.

नवऱ्याने इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या एजंटला ईमेल केली: पाच तारखेचं काय? उत्तर नम्र होतं. ‘त्या दिवसाबद्दल आमच्याकडे कोणतीही तक्रार आलेली नाही.’ खरंच होतं ते. कोण कशाने वैतागतो आणि फोन उचलतो, तिथेच सगळी मेख आहे. नवरा म्हणाला, मग आपण करू पाचची तक्रार. मला ते पटेना. रॉकेट सोडणाऱ्यांचा मला त्रास झाला नव्हता. केवळ फिट्टंफाट म्हणून तक्रार करायची तर तिसऱ्या मजल्यावरचा माणूस निराळं काय करत होता?

शिवीचं मात्र मी सोडलं नाही. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनानंतर १९९९ साली मॅकफर्सन अहवाल आला, तेव्हापासून इथे नियम होता की पीडिताला किंवा दुसऱ्या कुणालाही एखादी घटना वंशद्वेषाची वाटली, तर पोलिसांनी तिची तशी नोंद करायची. मी ऑनलाइन नोंद केली. पोलिसांचा फोन आला. कोणती बाल्कनी? तिसऱ्या मजल्यावर त्या बाजूला तीन बाल्कन्या आहेत, तिन्हीत अंधार होता. मला एक नंबर मिळाला, प्रकरण तिथेच थांबलं. तरी नोंद आहे, याचं मला बरं वाटतं.

आमच्या ग्रुपवर मात्र आठवडाभर एकच खिचडी शिजत होती. एक जण म्हणे, ते वंशद्वेष्टे आहेत म्हणून नोटीस खोटी. दुसरा म्हणे, चूक आपली होती, शिवी विसरा. नोटीस बरोबर होती आणि शिवी ती शिवीच होती, एवढं साधं वाक्य कुणाला पुरत नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती भडकलीच. “एवढा माज? भाडं भरता ना तुम्ही?” तिचं ऐकताना मला आमच्या पुण्याच्या सोसायटीची एक सभा आठवली. ‘तसल्या’ लोकांना फ्लॅट भाड्याने द्यायचे नाहीत, असं त्या सभेत ठरलं होतं. बाबांनी सही केली होती. चहाचा ट्रे मी फिरवला होता. आईला हे बोलले नाही.

काकांकडे मी पाडव्यानंतर गेले, फराळाचा डबा घेऊन. त्यांनी चहा केला. त्या रात्रीबद्दल ना ते बोलले ना मी. डबा परत आला तेव्हा त्यात शेवयांची खीर होती.

२०२२ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला आलं. त्याच दिवशी ऋषी सुनक यांची इथल्या सत्ताधारी पक्षाचे नेते म्हणून निवड झाली आणि भारतातून ‘आता काय, तुमचंच राज्य’ असे मेसेज धोधो येत होते. मी तेव्हा दारांखालून चिठ्ठ्या सरकवत होते: आज सात ते आठ, फक्त फुलबाज्या, आवाज नाही, या. एजंटची परवानगी लेखी घेतली होती. तळमजल्याच्या बाई कुत्रीला घेऊन आल्या, पण दारातच थांबल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या तिन्ही दारांखालूनही चिठ्ठी सरकवली होती. ती माणसं लिफ्टमध्ये भेटतात. एक जण माझ्यासाठी दार धरून ठेवतो, एकाला हवामानाबद्दल बोलायला आवडतं, तिसरा फोनमध्ये असतो. मीही हसते, बोलते. आणि दर वेळी तो आवाज जुळतोय का, हे ऐकत राहते.