न्हाणीच्या चुलीत काय जळतंय?

हॅम्बुर्गला राहायला आल्यापासून गावाकडून फोन आला की एक प्रश्न हमखास येतो: तिकडे एवढी स्वच्छता कशी? माझ्या मते त्यात शिस्तीपेक्षा पैशाचा भाग मोठा. पाण्याची एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली घेतली की किमतीवर 25 सेंट अनामत भरायची. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत. 2003 पासून हे चालू आहे. कोणी बाटली रस्त्यात टाकलीच, तर दुसरा कोणीतरी ती उचलून नेतो.

ओल्या कचऱ्याचं म्हणाल, तर मालवणकडच्या आमच्या घराने इथून शिकावं असं काही नाही. माशांची खवलं माडाच्या आळ्यात, न्हाणीचं पाणी केळीला, भाजीची देठं गुरांना. झावळीचे हीर काढून खराटा, उरलेली झावळी, नारळाची सोडणं, करवंट्या चुलीला. घराबाहेर टाकण्यासारखं काही उरतच नसे. सुकं ते सगळं चुलीत, ही पिढ्यान् पिढ्यांची सवय. मग दुधाच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं घरात आली, तीही त्याच वाटेने गेली. आज कित्येक घरांत आंघोळीचं पाणी तापतं ते सोडणांबरोबर प्लॅस्टिक घालूनच.

चुलीत प्लॅस्टिक जाळू नका म्हटलं, तर काकांनी मला विचारलं, "तुमच्या जर्मनीत पण कचरो जाळतत मां?" 

प्रश्न अगदी रास्त आहे. जाळतात. घरातला मिश्र कचरा तसाच जमिनीत पुरायला इथे 2005 पासून बंदी आहे, म्हणून तो भट्टीत जातो. पण त्या भट्टीतला धूर निदान दोन सेकंद 850 अंश सेल्सिअसच्या वर राहिला पाहिजे, असा युरोपचा नियम आहे. नंतर तो धूर गाळून, त्यातले विषारी वायू काढून मगच धुरांड्यातून सोडतात. आपल्या चुलीत यातलं काहीच होत नाही. ओलसर सोडणांच्या जाळावर प्लॅस्टिक अर्धवट जळतं, धुमसतं. त्यात पीव्हीसीचा (पाइपांच्या प्लॅस्टिकचा) तुकडा असला तर आम्लाचा वायू निघतो, डायऑक्सिनसारखी विषंही तयार होतात. फुंकणी घेऊन त्या धुरासमोर बसते ती काकू. शेजारी पोरं आंघोळीची वाट बघत उभी असतात. आणि राख? ती आपण अळवाला घालतो, पडवळाच्या मुळात घालतो. याचा मला खरोखर घोर लागतो.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे: चुलीत प्लॅस्टिक घालू नका. बाकी सवयी हळूहळू होतील.

न जाळता करायचं काय? काकूने पडवीत दोन पोती टांगली आहेत. एकात बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या, धुऊन, वाळवून. त्या भंगारवाला घेतो. पिशवीचा कोपरा ती पूर्ण कापत नाही, लटकता ठेवते, कारण तो इवलासा तुकडा केरात गेला की पुन्हा सापडत नाही. युरोपात 2024 च्या जुलैपासून बाटलीचं बूच बाटलीलाच जोडलेलं असावं लागतं, त्यामागेही हाच विचार आहे. पोतं मिरगाच्या आधी रिकामं करायचं. पावसात काही वाळत नाही.

दुसऱ्या पोत्यात वेफर्स-बिस्किटांची पाकिटं. बऱ्याच पाकिटांत वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे नि चंदेरी मुलाम्याचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. अडचण आहे ती इथे, आणि ती एकट्या घराने सुटणारी नाही. वेंगुर्ले नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करून घेतला, प्लॅस्टिकचा भुगा करून डांबरी रस्त्यात वापरला. आमच्या गावाला नगरपरिषद नाही, ग्रामपंचायत आहे. महिन्यातून एकदा गाडी करून ही पाकिटं तालुक्याला पोचवावीत, हा विषय काकू पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहे. वाडीतल्या बायका तिच्याबरोबर जायच्या आहेत.