उलटी वारी

आत्याच्या आळंदी-पंढरपूर पायी वाऱ्या झाल्यात, म्हणून निघायच्या आदल्या रात्री तिला फोन केला. "दिंडीत किती जण?" पहिलाच प्रश्न. "एकटीच." "मग कसली गं वारी!"

ग्लासगोहून स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला व्हिटहॉर्नपर्यंतची जुनी यात्रेची वाट २४० किलोमीटरची. माझी रजा दोन दिवसांची. म्हणून शेवटचा तुकडाच निवडला: व्हिटहॉर्न, तिथून सेंट निनियन या ख्रिस्ती संताची गुहा, मग कड्याकड्याने आयल ऑफ व्हिटहॉर्न हे कोळ्यांचं गाव.

निनियनने व्हिटहॉर्नला पांढऱ्या दगडाचं चर्च बांधलं, असं बीड नावाच्या इंग्रज साधू-इतिहासकाराने इ.स. ७३१ मध्ये लिहून ठेवलंय. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स इथला नेमाचा यात्रेकरू. १५०७ मध्ये बाळंतपणानंतर राणी अत्यवस्थ झाली, तेव्हा तो एडिंबराहून चालत आला. वाटेत त्याच्या जोड्यांना नवे तळ घातल्याचा खर्च खजिन्याच्या हिशेबात आहे. माझ्या टाचेला फोड आला होता, त्यामुळे ही नोंद मला भलतीच आवडली. पुढे १५८१ मध्ये संसदेने यात्राच बंद केल्या.

गुहेकडे ओढ्याकाठच्या झाडीतून उतरायचं. मे महिना, रानलसणीचा नुसता घमघमाट. मग एकदम समुद्र, आणि पाऊल ठरू न देणारे गोटे. छत कोसळून कोसळून गुहा आता खडकातली कपार उरलीय. बरेचसे कोरीव दगड व्हिटहॉर्नच्या संग्रहालयात नेलेत, पण भिंतीवर हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे काही क्रूस बोटाला अजून लागतात. फटींत लोकांनी वाहून आलेल्या काटक्यांचे क्रूस खोचलेत. एक तर चक्क बुटाच्या नाडीने बांधलेला. मी एक पांढऱ्या रेघेचा गोटा खिशात टाकला.

बरो हेडच्या कड्यावर वारा उभं राहू देईना. तिथून समुद्रात आयल ऑफ मॅन हे बेट दिसलं.

आयल ऑफ व्हिटहॉर्न नावाला बेट. कधीचंच जमिनीला जोडलं गेलंय. बंदराला बिलगलेली घरांची ओळ, धक्क्यावर रचलेले शेवंडांचे पिंजरे. 'सोलवे हार्वेस्टर' ही शिंपले पकडणारी बोट ११ जानेवारी २००० रोजी आयल ऑफ मॅनजवळ बुडाली, या परिसरातले सात जण गेले. त्यांचं स्मारक समुद्राकडे तोंड करून आहे. वाचून झाल्यावरही मी तिथून लवकर हलले नाही. पलीकडे यात्रेकरूंनी आणलेल्या दगडांची रास. माझा गोटा आजीच्या नावाने तिथे ठेवला.

टोकावर तेराशेच्या सुमाराचं, छप्पर नसलेलं निनियनचं चॅपल. आयर्लंडहून, आयल ऑफ मॅनहून गलबतांनी आलेले यात्रेकरू इथे उतरायचे, प्रार्थना करायचे आणि मग व्हिटहॉर्नची वाट धरायचे. म्हणजे त्यांची वारी सुरू व्हायची तिथे माझी संपली होती.

आत्याला कळवलं. "मग परतीची वारी म्हण," ती म्हणाली.

तेवढ्यात शेवटची बस चुकल्याचं कळलं. व्हिटहॉर्न पाच-सहा किलोमीटर. नाडी घट्ट बांधली आणि निघाले.